पॅन-मास चॅलेंज (कर्करोग संशोधनासाठीची सायकल राइड): नोंदणी, निधी, सराव, सायकल

चाकोरीबाहेर

बोस्टनच्या या राइडबद्दल इतर धाग्यांवर तुकड्यातुकड्यांत बरंच लिहिलं गेलंय. शोधायला गेलं की सापडत नाही, म्हणून हा वेगळा धागा. माहीतगारांनी भर घालावी, नवख्यांनी बिनधास्त विचारावं.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोलताना सगळे पीएमसी म्हणतात. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी मॅसॅच्युसेट्समध्ये होते. १९८० साली बिली स्टार यांनी सुरू केली तेव्हा ३६ जण होते आणि १०,२०० डॉलर जमले होते. २०२४ मध्ये एका वर्षात ७.५ कोटी डॉलर जमले आणि आजवरच्या एकूण रकमेने १ अब्जाचा टप्पा ओलांडला. पैसा जातो बोस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला, त्यांच्या जिमी फंडामार्फत (संस्थेसाठी देणग्या जमवणारा निधी).

मार्ग बरेच आहेत. मूळ आणि सगळ्यात लांब मार्ग स्टरब्रिजहून निघतो. पहिल्या दिवशी बोर्नपर्यंत सुमारे ११० मैल, मुक्काम मॅसॅच्युसेट्स मेरिटाइम अकॅडमीत, दुसऱ्या दिवशी केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत साधारण ७५ ते ८० मैल. वेलस्लीहून निघणारे मार्ग त्याहून सोपे आणि कमी चढांचे, त्यात एका दिवसाचेही आहेत.

आता महत्त्वाचं. नोंदणी करताना लोक मैल बघतात आणि निधीची अट न वाचताच खाली सरकवतात. उलटं करा. प्रत्येक मार्गाला किमान निधी ठरलेला असतो. छोट्या मार्गांना कमी, दोन दिवसांच्या लांब मार्गांना काही हजार डॉलर. नोंदणीच्या वेळी तुमचं क्रेडिट कार्ड घेतलेलं असतं. ऑक्टोबरमधल्या मुदतीपर्यंत रक्कम भरली नाही तर उरलेली त्या कार्डावरून वळती होते. राइड पूर्ण केली, पाय दुखले, पदक मिळालं, तरी अट तीच. नोंदणी शुल्क वेगळं, ते परत मिळत नाही आणि किमान निधीत धरलंही जात नाही.

त्यामुळे सराव एप्रिलमध्ये सुरू केला तरी चालेल, पैसे मागायला त्याच्या आधी लागा.

रमतगमत

चांगला धागा. एक शंका आहे, वाकड्यात शिरतोय असं समजू नका. डेना-फार्बरला थेट देणगी दिली तर? आपण सायकल चालवतो म्हणून लोकांनी संशोधनाला पैसे द्यायचे, यात तर्क काय? मधल्या मधे तंबू, केळी, टी-शर्ट यांवर खर्च होतोच ना?

हिशेबनीस

@रमतगमत, प्रश्न रास्त आहे. प्रत्येक चॅरिटी राइडला तो विचारलाच पाहिजे, कारण सगळ्यांची उत्तरं सारखी नसतात.

पीएमसीचा हिशेब असा: रायडरने जमवलेला प्रत्येक डॉलर डेना-फार्बरला जातो, २००७ पासून हेच धोरण आहे. तंबू-केळी-टी-शर्टांचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांकडून निघतो. शुल्क वेगळं का, याचं उत्तर यातच आलं. दुसऱ्या कुठल्या राइडला जाणार असाल तर आधी हेच विचारा: जमलेल्या निधीतले किती टक्के संस्थेपर्यंत पोचतात आणि कार्यक्रमाचा खर्च कोण उचलतं? उत्तर गोलमोल आलं तर थेट देणगी बरी.

तर्काचं म्हणाल तर, तुम्ही एकट्याने थेट देणार त्या रकमेच्या कितीतरी पट रक्कम किमान निधीच्या अटीमुळे तुम्हाला चाळीस-पन्नास जणांकडून गोळा करावीच लागते. यातले बहुतेक जण आपणहून कधी डेना-फार्बरच्या वेबसाइटवर गेले नसते.

आणि हा पैसा बहुतांशी कुठल्याही एका प्रकल्पाला बांधलेला नसतो. सरकारी अनुदान मिळवायला हातात आधीच थोडे निष्कर्ष लागतात. ते निष्कर्ष मिळवायलाच पैसा नसतो तिथे असा मोकळा निधी कामाला येतो. मूलभूत काम किती लांब चालतं त्याचं याच संस्थेतलं उदाहरण विल्यम केलिन. व्हीएचएल नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारावर ते १९९० च्या दशकापासून काम करत होते. त्यातून पेशींना ऑक्सिजनची पातळी कशी कळते याचा उलगडा व्हायला मदत झाली, २०१९ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच ज्ञानावर उभं राहिलेलं बेलझुटिफान हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हे पीएमसीच्याच पैशातून झालं असा माझा दावा नाही. वीस-पंचवीस वर्षं धीर धरणारा पैसा का लागतो, एवढंच सांगायचं आहे.

ओवी_एन

थोडं अवांतर, पण राहवत नाही. ज्या सिडनी फार्बर यांचं नाव संस्थेला आहे, त्यांनी १९४७-४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि पहिल्यांदा औषधाने, तात्पुरता का होईना, उतार पडलेला दिसला. ते औषध आलं लेडर्ली प्रयोगशाळेतून, तिथल्या संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव, आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. देणगी मागताना भारतीय मंडळींना हे सांगा. बहुतेकांना माहीत नसतं, आणि "आपला काय संबंध" हा प्रश्न तिथेच मिटतो.

चालू द्या.

हिशेबनीस

@ओवी_एन, हे मेलमध्ये घालण्यासारखं आहे.

आता निधीचं तंत्र. आकडेमोडीसाठी ६,००० डॉलर धरतो, तुमच्या मार्गाचा खरा आकडा नोंदणीच्या पानावर बघून घ्या.

६,००० ला "शंभर-शंभरचे साठ जण" असं भागू नका, तसं कधीच होत नाही. वास्तव असं असतं: पाच-सहा जण २५० ते ५०० देतात, वीस-पंचवीस जण ५० ते १०० देतात, उरलेले २५. वरच्या पाच-सहांवरच सगळं तरतं. म्हणून यादी करताना आधी तीच नावं लिहा आणि त्यांना मेल नाही, फोन करा.

मग एम्प्लॉयर मॅच. बोस्टन भागातल्या आयटी, औषध आणि वित्त क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात. यात होणाऱ्या चुका नेहमीच्याच:

मॅचची मागणी देणगीदाराला करावी लागते, रायडरला नाही. १०० डॉलर देऊन तो विसरून जातो आणि तुमचे दुसरे १०० बुडतात. देणगी आली की त्याच दिवशी आभाराच्या मेलमध्ये विचारा: "तुमच्या कंपनीत मॅच आहे का? असेल तर पावती पोर्टलवर टाकाल का?"

बेनेव्हिटीसारख्या पोर्टलवर संस्था निवडताना नावात घोळ होतो. डेना-फार्बर, जिमी फंड आणि पीएमसी या नोंदी वेगवेगळ्या दिसू शकतात. चुकीची निवडली तर पैसे चांगल्या कामालाच जातात, पण तुमच्या खात्यावर दिसत नाहीत. पीएमसीची नोंद निवडून शेऱ्यात रायडरचं नाव आणि आयडी लिहायला सांगा.

मॅचचे पैसे कंपन्या महिन्या-तिमाहीने सोडतात. ऑगस्टमध्ये मागितलेली मॅच ऑक्टोबरच्या मुदतीत पोचेलच याची खात्री नाही. मे-जूनमध्ये मागणी गेली पाहिजे.

रोख आणि झेल (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवायची सोय) टाळा. काका म्हणतात, "तुला झेल करतो, तूच भर." मग पावती तुमच्या नावावर येते, काकांना कर-वजावट मिळत नाही आणि त्यांच्या कंपनीची मॅचही मिळत नाही. लिंकच पाठवा. ज्यांना ऑनलाइन नकोच असतं त्यांनी संस्थेच्या नावाने चेक लिहावा आणि मेमोच्या ओळीत रायडरचा आयडी घालावा.

ज्यांच्याकडे जुने आरएसयू (कंपनीने पगारासोबत दिलेले शेअर) पडून आहेत त्यांना शेअर देणगीबद्दल विचारा. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, भाव वाढलेले शेअर थेट दिले तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो आणि वजावट बाजारभावाने मिळते. ब्रोकरकडून हस्तांतराला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात हे काढू नका.

लिमलेट

मेल नेमका काय लिहायचा? मला मागायचीच लाज वाटते.

हिशेबनीस

@लिमलेट, पाच-सहा ओळी पुरतात. साधारण असं:

"नमस्कार सुनीताताई, ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन सायकल चालवणार आहे, दोन दिवसांत १८५ मैलांच्या आसपास. यातून जमणारा सगळा पैसा डेना-फार्बरमध्ये कर्करोग संशोधन आणि उपचारांना जातो. मला ६,००० डॉलर जमवायचे आहेत, आतापर्यंत १,४५० झाले. तुम्ही १०० डॉलर द्याल का? लिंक खाली देते आहे. तुमच्या घरात कुणासाठी मी हे मैल चालवावेत असं वाटत असेल तर नाव कळवा, जर्सीवर लिहीन."

तीन गोष्टी बघा. नाव घेऊन हाक मारली आहे. रक्कम सांगितली आहे ("यथाशक्ती" लिहिलं की यथाशक्ती विसरलं जातं). आणि पान शून्यावर नाही. म्हणून पहिली देणगी स्वतःची टाका. शून्य दिसणाऱ्या पानावर पहिलं कोणी होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली लिंक ही मागणी नव्हे. दीडशे जणांच्या ग्रुपात चाळीस अंगठे येतात आणि देणगी एखादी. एकेकट्याला पाठवा. पहिला मेल एप्रिलमध्ये, स्मरण राइडच्या दोन आठवडे आधी, आणि तिसरा राइड झाल्यावर फोटोसकट. हा तिसरा लोक टाळतात. वास्तविक "झाली बरं का, अजून ७०० कमी आहेत" याला चांगला प्रतिसाद मिळतो, कारण काम झालेलं असतं.

२५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला संस्थेची लेखी पोच करासाठी आवश्यक असते, देणगीदाराला ती जपायला सांगा. २०२६ पासून नियम थोडा बदललाय: स्टँडर्ड डिडक्शन (खर्च वेगवेगळे न मांडता, म्हणजे आयटेमाइज न करता, मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्यांनाही रोख/कार्ड/चेकने दिलेल्या देणगीवर १,००० डॉलरपर्यंत (एकत्र विवरण भरणाऱ्या जोडप्याला २,०००) वजावट आहे. त्यामुळे "मला काय फायदा, मी आयटेमाइज करत नाही" हे कारण आता तितकंसं उरलं नाही. :)

खटपट

मंडळात वडापावचा स्टॉल लावून निधी जमवायचा विचार आहे. गणेशोत्सव ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे बहुधा राइडनंतर पण मुदतीच्या आत. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. चांगलं जुळतंय. सोबत रॅफल (तिकिटं विकून बक्षिसाची सोडत) पण ठेवावं का?

मंडळ_कार्यकर्ता

रॅफल नको! मॅसॅच्युसेट्समध्ये रॅफल ही कायद्याने फक्त ठरावीक ना-नफा संस्थांना मुभा असलेली गोष्ट आहे, आणि त्यांनाही गावाच्या क्लार्ककडून परवाना घ्यावा लागतो. एखाद्या व्यक्तीने "माझ्या राइडसाठी" तिकिटं विकणं त्यात बसत नाही. लिलाव करा, त्यात नशिबाचा भाग नसतो.

स्टॉलला त्या गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थचा तात्पुरता खाद्य परवाना लागतो. अर्ज दोन-तीन आठवडे आधी. घरी तळून आणलेले वडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, परवान्याच्या स्वयंपाकघरात केलेले किंवा जागेवर तळलेले लागतात. तळण असेल तर फायर डिपार्टमेंटलाही विचारा, के-क्लासचं (तळणाच्या तेलाच्या आगीसाठीचं) अग्निशामक मागतात. हात धुवायची सोय, थर्मामीटर, हातमोजे. हिरवी चटणी आणि शिजवलेलं बटाट्याचं सारण थंड ठेवायचं तर ४१ फॅरनहाइटच्या खाली. निरीक्षक आधी तेच बघतो.

पैशांचं: वडापाव विकत घेणाऱ्याला वस्तू मिळाली, म्हणून त्याची ती "देणगी" नाही. पाच डॉलरच्या वड्याला वीस दिले तर वरचे पंधरा देणगी, पण त्याची पावती तुम्ही देऊ शकत नाही. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे मंडळाने जमाखर्च मांडून निव्वळ रकमेचा एक चेक पीएमसीला द्यावा, मेमोत तुमचा आयडी. आणि स्टॉलवर क्यूआर कोड लावा. ज्यांना नुसतीच देणगी द्यायची त्यांना वड्याच्या रांगेत कशाला उभं करायचं?

पुणेरी_मिसळ

पुण्यात आईबाबा, मावश्या यांना द्यायचं असेल तर? त्यांचं कार्ड चालतं का?

हिशेबनीस

चालतं, पण कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करावे लागतात, नाहीतर व्यवहार फेटाळला जातो आणि मावशी दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही. वर बँकेचं चलन-बदलाचं शुल्क. अमेरिकी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतात ८०जी (देणगीवरच्या कर-सवलतीचं कलम) खाली सूट नाही, हे त्यांना आधीच सांगा.

ओवी_एन

मी तर म्हणेन भारतातल्या नातेवाइकांना इकडे द्यायलाच लावू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलला द्या म्हणावं, तिथे रुपया जास्त लांब जातो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगाशी लढवण्याची) उपचारपद्धती २०२३ मध्ये भारतात मंजूर झाली, संशोधन तिथेही चाललंय.

पुणेरी_मिसळ

पण मग ते माझ्या किमान निधीत धरणार नाहीत ना.

ओवी_एन

नाहीच धरणार. म्हणून तर म्हटलं, मागायचं ते इथल्यांकडे मागा.

दोनचाकी

पैशांचं पुरे, आता पायांकडे येऊ. खालचं सगळं स्टरब्रिज मार्ग धरून, आणि सध्या सलग २५ मैल जमतात असं गृहीत धरून.

सोळा आठवडे पुरतात, म्हणजे एप्रिलचा मध्य. आठवड्यात एक लांब राइड आणि दोन छोट्या (एक तासभराची चढाची, एक सावकाश). लांब राइड ३२ मैलांपासून, दर आठवड्याला सहाने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला तिसऱ्या हिश्श्याने कमी करा: ३२, ३८, ४४, ३०, ५०, ५६, ६२, ४२, ६८, ७४, ८०, ५५. तेराव्या आठवड्याला ८५. त्याहून लांब सरावाची गरज नाही, ११० त्या दिवशी होतात. चौदाव्यात शनिवारी ७० आणि रविवारी ५०. ही जोडराइड कोणी चुकवू नये, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी खोगिरावर बसतानाच असते. पंधराव्यात ४५, शेवटच्या आठवड्यात दोन हलक्या फेऱ्या.

वेळेचा हिशेब: ताशी १४ मैलांनी ११० मैलांना ७ तास ५० मिनिटं. वर १२-१२ मिनिटांचे पाच थांबे. सकाळी सहाला निघालात तर बोर्नला तीनच्या सुमारास. थांबे वीस-वीस मिनिटांचे झाले की साडेतीन वाजतात, आणि ऑगस्टच्या दुपारची चाळीस मिनिटं वाढतात. वेळ सायकलवर जात नाही, थांब्यावर जातो.

पहिल्या दिवसाचे चढ सुरुवातीच्या भागात एकवटलेत. अंगात जोर असतो, सगळे पळत असतात, आणि तिथेच लोक ६० मैलांनंतरची ताकद जाळून टाकतात. चढावर पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावा. गिअर पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांचा असावा. सरावाला डोव्हर-शेरबोर्न, कार्लाइल-काँकर्डचे रस्ते घ्या. मिनिटमन बाइकवे वीकएंडला नको, स्ट्रोलर आणि कुत्र्यांमधून वेग धरता येत नाही आणि धरूही नये.

दुसरा दिवस: बोर्नहून लोक पहाटे अंधारात निघतात, तेव्हा सूर्योदय साडेपाचच्या सुमारास असतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. उन्हाळ्यात केपवर वारा बहुधा नैर्ऋत्येचा. वेलफ्लीट-ट्रुरोकडे उत्तरेला जाताना तो पाठीशी असतो आणि आपण फार भारी झालोय असं वाटतं. प्रॉव्हिन्सटाउनजवळ रस्ता वळतो आणि तोच वारा तोंडावर येतो. ट्रुरोच्या चढउतारांनंतर, शेवटच्या काही मैलांत. त्यासाठी एनर्जी जेलचं (साखरेच्या घट्ट पाकासारखं खाणं) एक पाकीट राखून ठेवा. वाळूच्या टेकड्यांजवळ रस्त्यावर वाळू असते. वळणाआधी वेग कमी करा, वळणात पुढचा ब्रेक दाबू नका.

लिमलेट

४०-४५ मैलांनंतर गुडघा पुढून दुखतो. सीटची उंची मापाने बरोबर आहे असं दुकानवाला म्हणतो.

दोनचाकी

पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, किंवा जड गिअरवर हळू पेडल मारलं जातंय. मागून दुखलं तर सीट वर. एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच वर घ्या, दोन-तीन राइड चालवून बघा, मगच पुढचा बदल. आधीच्या उंचीवर सीटपोस्टला टेपची खूण करून ठेवा. पेडलची गती मिनिटाला ८० ते ९० ठेवा. क्लीट (बूट पेडलला अडकवणारी बुटाखालची पट्टी) असतील तर पायाचा कोनही बघा. सूज असेल किंवा सायकल सोडल्यावरही दुखत राहिलं तर मात्र फिजिओकडेच जा. आणि राइडच्या आधीच्या दोन आठवड्यांत सीट, क्लीट, बूट यातलं काहीही बदलायचं नाही. नवी बिबशॉर्टसुद्धा (खांद्यावर पट्टे असलेली, आत गादी असलेली सायकलची चड्डी) नाही.

पाना_नंबर_दहा

सायकलचं मी लिहितो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला टाका. शेवटच्या आठवड्यात बोस्टनमधलं प्रत्येक दुकान तुंबलेलं असतं. चेन मापकाने मोजा, ११-१२ गिअरच्या चेनला ०.५ टक्का झिजेवर बदलायची. उशीर केला तर कॅसेटही बदलावी लागते. क्लीटचे बोल्ट, हेडसेट, ब्रेकपॅड बघा. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर आदल्या रात्री बॅटरी. मधेच संपली तर उरलेले मैल एकाच गिअरवर.

टायर २८ मिमी, नवे किंवा दोन-तीनशे मैल चाललेले. ७५ किलोच्या माणसाला ट्यूबसकट ६५ ते ७५ पीएसआय पुरतो, मागे जरा जास्त. १०० पीएसआय भरायची जुनी खोड सोडा, त्याने वेग वाढत नाही, फक्त हात बधिर होतात.

पिशवीत: दोन ट्यूब (व्हॉल्व्हची लांबी रिमला जुळणारी), दोन टायर लिव्हर, १६ ग्रॅमची दोन सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसं आणि छोटा पंपही, मल्टिटूल, चेनच्या गिअरसंख्येला जुळणारी क्विकलिंक, तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा). हा हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, मेकॅनिककडे तुमचा असेलच असं नाही.

पंक्चर काढताना सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: ट्यूब काढली, नवी टाकली, हवा भरली, पाच मैलांवर पुन्हा बसली. कारण काच किंवा तारेचा बारीक तुकडा टायरमध्येच होता. जुन्या ट्यूबमधलं भोक शोधा, व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे बघा, तेवढ्याच अंतरावर टायर आतून-बाहेरून तपासा. बोट अलगद फिरवा, तार बोचते. एका ठिकाणी दोन भोकं शेजारी-शेजारी असतील तर ती खड्ड्यात चिमटलेली ट्यूब, म्हणजे हवा कमी होती. नवी ट्यूब घालण्याआधी तोंडाने थोडी हवा भरून गोल करा, टायर हातानेच बसवा, व्हॉल्व्हपाशी शेवटी. मग दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवून ट्यूब कुठे कडेखाली अडकली नाही ना हे बघा आणि मगच हवा भरा. टायरला चीर असेल तर घडी घातलेली डॉलरची नोट आतून लावा, ती कागदासारखी फाटत नाही.

सीओटू ब्युटिल रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर निसटतो. बोर्नला पोचल्यावर तो सोडून साध्या पंपाने भरा, नाहीतर पहाटे टायर मऊ दिसेल आणि पंक्चर समजून तुम्ही ट्यूब बदलत बसाल.

आवळासुपारी

खाण्याबद्दल, खास करून शाकाहारी मंडळींसाठी.

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य, सराव असेल तर ८०-९० पर्यंत. आठ तास म्हणजे ४८० ग्रॅम. एका केळ्यात २५ च्या आसपास, एका मेडजूल खजुरात १८, शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १७ ते २०. बाकी ड्रिंक मिक्समधून. पहिला घास पाऊण तासात, भूक लागायची वाट बघायची नाही. राजगिऱ्याचा लाडू खिशात चांगला राहतो, पण कोरड्या तोंडाला घोट पाण्याशिवाय उतरत नाही. शेंगदाण्याची चिक्की पहिल्या दोन तासांतच खा, तिच्यातल्या तेलामुळे नंतर पोटात बसून राहते. गूळपोळीचंही तेच. साबुदाण्याची खिचडी आदल्या रात्री ठीक, तूप हात राखून.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली, दमट उकाड्यात जास्त, आणि सोबत मीठ. तासाला ५०० मिलिग्रॅम सोडियमपासून सुरू करा, जर्सीवर पांढरे डाग पडणाऱ्यांनी वाढवा. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं असतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटातली अंगठी घट्ट होणं, आणि पाणी पिऊनही बरं न वाटणं, ही रक्तातलं सोडियम उतरल्याची चिन्हं असू शकतात. तेव्हा आणखी पाणी पिऊ नका, वैद्यकीय तंबूत जा.

थांब्यावरच्या पदार्थांत दोन गोष्टी बघा. मार्शमॅलो फ्लफमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो (जिलेटिन नसतं). फळांच्या चवीच्या गमी बहुतेक जिलेटिनच्या असतात. क्लिफ ब्लॉक्स पेक्टिनचे आहेत, ते चालतात.

बिबशॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, हे नवख्यांना कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. शिवणी घासतात आणि फोड येतात. शॅमॉय क्रीम (घर्षण कमी करणारं मलम) लावा, दुसऱ्या दिवशीसाठी दुसरी शॉर्ट हवी, आणि बोर्नला पोचल्यावर बिअरच्या आधी अंघोळ.

चाकोरीबाहेर

घोळक्यात चालवण्याबद्दल मीच लिहितो. हेल्मेट सक्तीचं, इअरफोन नको. उजवीकडून चालवा, डावीकडून पुढे जाताना "ऑन युअर लेफ्ट" ओरडा. खड्डा, काच, गाडी दिसली तर हाताने दाखवा आणि बोला. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा, पाऊस पडला असेल तर तिथे वळू नका, ब्रेक मारू नका. अनोळखी माणसाच्या चाकाला चिकटून जाऊ नका. या राइडमध्ये वर्षातून एकदाच सायकल काढणारेही असतात, आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या की ते हात हलवायला हँडल सोडतात.

रमतगमत

पटलं बुवा. पण १०० मैल माझ्याने होणार नाहीत. सायकल न चालवता काही करता येतं का?

मंडळ_कार्यकर्ता

स्वयंसेवक व्हा. हजारोंनी लागतात आणि त्यांना निधीची अट नसते. पाण्याचे थांबे, सामान चढवणं-उतरवणं, सायकलींचे ट्रक भरणं. चांगल्या जागा लवकर भरतात, ऑगस्टची वाट बघू नका. घराजवळ आपापल्या सोयीने मैल करून निधी जमवायचा पर्यायही आहे.

कोलंबसकर

ओहायोवाल्यांसाठी: कोलंबसला पेलोटोनिया आहे, २००९ पासून, निधी ओहायो स्टेटच्या जेम्स कर्करोग केंद्राकडे. क्लीव्हलँडला व्हेलोसॅनो (२०१४, क्लीव्हलँड क्लिनिक). सिअ‍ॅटलला ऑब्लिटराइड (२०१३, फ्रेड हच). प्रत्येकाचा किमान निधी आणि मुदत वेगळी, वरचा हिशेबनीस यांचा प्रश्न सगळीकडे विचारा.

पुणेरी_मिसळ

शेवटचं एक. प्रॉव्हिन्सटाउनला पोचल्यावर परत कसं यायचं? नवरा गाडी घेऊन येतो म्हणतोय.

दोनचाकी

त्याला येऊ देऊ नका. ऑगस्टच्या रविवारी दुपारी केपवरून बाहेर पडणारा रूट ६ सॅगमोर पुलापर्यंत तुंबतो. आयोजकांची बस किंवा बोस्टनची फेरी घ्या, जागा आधी राखावी लागते. सायकल ट्रकने येते. तिच्यावरचा कॉम्प्युटर, दिवे, सीटखालची पिशवी काढून जवळ ठेवा, हँडलला नंबर राहू द्या, आणि ट्रक कुठे रिकामा होणार ते चढवतानाच विचारून घ्या. नवऱ्याला तिथेच बोलवा.